बेटावरची दिवाळी

आई, परवा माझ्या मुलीने कॉम्प्युटरवर अंदमानचे फोटो काढून दाखवले. दिवाळीच्या सुट्टीत तिला तिथे जायचंय. मी कणीक मळत होते, हात परातीत तसाच ठेवून बघत राहिले. आता तिथे मोठाली हॉटेलं झालीत, समुद्राच्या काठावर पुन्हा पोहायचे तलाव. आपण राहिलो होतो ती झावळ्यांच्या छपराची बंगली कुठे दिसली नाही. "तू गेलीयेस ना तिथे? कसं होतं गं?" तिने विचारलं. "छान होतं," म्हटलं आणि पुन्हा कणीक मळायला लागले.

तिथे जायचं दादाने ठरवलं होतं. बाबांना कचेरीतून सहलीची सवलत मिळायची आणि दर वेळी आपण नाशिकला मामाकडे जायचो. दादा बडोद्यातच, मकरपुऱ्यात, नव्या कारखान्यात लागला होता, दारात नवी मोटारसायकल उभी होती, घरात केबल आली होती, आणि त्याला सगळं जग हाताशी आल्यासारखं वाटत होतं. "बाबा, मामाचं घर कुठे पळून जात नाहीये. एकदा समुद्रात जाऊन राहू," असं म्हणत त्याने कुठल्याशा मित्राकडून पत्ता मिळवला आणि चौघांचं बुकिंग करून टाकलं. मग मे महिन्यात तरसालीच्या वळणावर एका ट्रकने त्याला उडवलं.

शाळा उघडल्यावर तू वर्गावर उभी राहिलीस. घरी मात्र बोलत नव्हतीस. पोळ्या चौघांच्या करायचीस आणि उरलेल्या न बोलता गायीला घालून यायचीस. दिवाळी जवळ आली तशी आत्या येऊन बाबांना म्हणाली, "अशा वर्षी कोणी फिरायला जातं का रे? लोक काय म्हणतील?" बाबा बुकिंग रद्द करायला निघालेच होते. तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, "जायचं. लोकांचे फटाके ऐकत या घरात बसायचं नाही मला." शेजारच्या काकी तेवढ्यात वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी तुझा हात धरला आणि घर सांभाळायचं कबूल केलं. "जई आवो, बेन. घर हुं साचवीश."

मद्रासपर्यंत गाडी, तिथून बोट, मग आणखी एक लहान लाँच. बंगली लाकडाची, खांबांवर उभी, व्हरांड्याच्या पायऱ्या थेट वाळूत उतरणाऱ्या. मालकीण बंगाली विधवा होती. फाळणीनंतर तिचे आईवडील घरदार सोडून त्या बेटावर येऊन राहिले होते. पहिल्या संध्याकाळी तिने चार ताटं मांडली आणि विचारलं, "चौथा किधर है?" बाबा खाली वाळूकडे बघायला लागले. तू म्हणालीस, "वो नहीं आया." जणू दादाची परीक्षा होती आणि तो मागे राहिला होता. बाईने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ताट उचललं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

तू दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून असायचीस. मी शिंपले आणून तुझ्या पायाशी ठेवायचे, ते संध्याकाळी तिथेच असायचे. विश्वामित्री नदीच्या पुलावरून जाताना कठड्यापासून लांब चालणारी तू, तुझी नजर त्या पाण्यावरून हलत नव्हती.

लक्ष्मीपूजनाची दुपार. बाबा आत झोपलेत. मी मागच्या पंपावर कपडे धुऊन वाळत घालायला पुढे येते, तर खुर्ची रिकामी. खालच्या पायरीवर तुझ्या चपला. आणि तू पाण्यात, कमरेपर्यंत. साडीचा पदर मागे तरंगतोय, आणि तू शाळेत निघाल्यासारखी सरळ चालली आहेस. घाई नाही, थांबणं नाही. बाबा झोपेतून उठून बनियनवरच धावत आले. त्यांना पोहता येत नव्हतं, तुलाही. ते छातीभर पाण्यापर्यंत गेले आणि थांबले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोलावं तसं म्हणाले, "अगं, चहा झालाय. गार होईल."

तू थांबलीस. किती वेळ, कोण जाणे. पाणी तुझ्या खांद्यांशी आलं होतं. मग तू वळलीस. बाबांनी तुझा हात धरला. तुमचे हात असे धरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. बाहेर आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "पाणी कोमट आहे."

चहा कोणी केलेला नव्हता. मालकीण वाळूत उभी राहून सगळं बघत होती. ती धावत आत गेली आणि तिने खरोखरच आधण ठेवलं. तुला नेसायला तिने स्वतःची पांढरी साडी दिली. आत्याने ते पाहिलं असतं तर आकाशपाताळ एक केलं असतं. तू ती नेसलीस, कपाला हात लावलास, आणि मे महिन्यानंतर पहिल्यांदा रडलीस. जनावर ओरडावं तशी. ती बाई तुझ्या पाठीवर हात ठेवून तिच्या भाषेत काहीतरी सांगत राहिली. आपल्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तू मान हलवत होतीस.

आपण बडोद्याला परत आलो. निवृत्त होईपर्यंत तू शिकवलंस, माझ्या लग्नात हसलीस, माझ्या मुलीला पायांवर घेऊन न्हाऊ घातलंस. त्या दुपारचा विषय कधी निघाला नाही. तू गेल्यावर एकदा मी बाबांना विचारलं, "आई त्या दिवशी कुठे निघाली होती?" "मी विचारलं नाही," म्हणाले. "आली ना परत. झालं." आता तेही नाहीत.

हे लिहिलंय ते कोणाला दाखवण्यासारखं नाही. तू असतीस तर तुलाही दाखवलं नसतं. तू परत फिरलीस आणि पुढे इतकी वर्षं आमच्यासाठी राहिलीस, याचं मोल मला कळतं. फक्त एक आहे. बाबा येण्याआधी मी काठावरून तुला हाका मारल्या होत्या, पुन्हा पुन्हा, घसा फाटेस्तोवर. तू वळली नाहीस. लाटांच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, असं मी स्वतःला सांगत आले. पण आई, त्या दुपारी लाटा नव्हत्या.