तीन विती वर

शनिवार, १३ सप्टेंबर
सकाळी शाळेत. गणिताची जागा रिकामीच, म्हणून मोठ्या बाई (मु.अ.) मला बोलावतात. जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेला मी, तिथं उभा राहून वर्ग आणि वर्गमूळ! मनात मात्र तिसरीतल्या कविता. आमचे मास्तर टेबलावर बोटांनी ताल धरायचे, सगळा वर्ग डोलायचा. गणिताला असा ताल कुणी दिलाच नाही.
म्हणून मैदान. बांबूची धनुष्यं, बोरूचे बाण, उसाच्या पाचटानं ठासलेलं पोतं, त्यावर चुन्याची वर्तुळं. नववीच्या मुली खूश. गुण मोजा, सरासरी काढा, कोन बघा.
माझे चार बाण : एक वर, एक खाली, एक डावीकडे, एक उजवीकडे. कोमल म्हणाली, "गुर्जी, सरासरीनं तुमी मधोमधच हाव." सगळ्या हसल्या. मीही.
तिचे चारही खाली, डावीकडे, एकमेकांना चिकटून. गुण कमी. पण चिकटून!

सोमवार, १५ सप्टें.
चाचणीचे पेपर तपासले. कोमल नापास. पाचचा वर्ग दहा, सातचा वर्ग चौदा, पानभर तेच. वर्ग म्हटलं की दुप्पट करते. परवाचे बाण आठवले. चूक एकच, पुन्हा पुन्हा त्याच जागी. अशा पोरीला नापास म्हणायचं म्हणजे...
समजावलं. मान डोलावते. पुढच्या ओळीत पुन्हा दुप्पट.

शनिवार, २० सप्टें.
कोमलचे वडील फाटकाशी भेटले. अप्पा म्हणतात त्यांना. दरसाल नवरा-बायको ऊस तोडायला जातात, यंदा तिलाही नेणार. भाकरी थापायला, धाकट्याला सांभाळायला. मी म्हटलं, आजीजवळ ठेवा की.
"नापास पोरीला हितं का म्हून ठिवू, गुर्जी?"
पेपर काढून दाखवायला लागलो. हातानंच थांबवलं. "कागुद नगं. तिला काय येतंय ते मला कळंल असं दावा."
दसऱ्यानंतरचा शनिवार ठरला. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांची गाडी.
बोललो खरा. आता दाखवायचं ते बाणांनीच.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी
शाळेत अवजारांची पूजा. खोरं, टिकाव, घंटा, संगणक आणि आमची धनुष्यं. एरवी काम झालं की दोरी उतरवून ठेवायची, हा माझा नियम. आज मुली म्हणाल्या, "दोरी न्हाई तर नुस्त्या काठ्याच की. देवापुढं काठ्या ठिवायच्या व्हय?" मोठ्या बाईंना पटलं. मलाही. ताणलेली धनुष्यं ओळीनं, हळदीकुंकू, झेंडू. जुन्या पाठ्यपुस्तकातल्या कवितेशेजारी असायचं तसं चित्र. बघतच राहिलो.
पूजेतलं उद्यापर्यंत हलवायचं नाही. उद्या सुट्टी.

शुक्रवार, ३ ऑक्टो.
घात झाला. दोन दिवस ताणून बांबू बसला. सगळी धनुष्यं मऊ. बाण पोत्यापर्यंत जातात, पण पार खाली. चित्राला भुललो मी, दुसरं काय. नवी करायची तर बांबू वाळायला हवा. वेळ कुठाय.
कोमल एवढंच म्हणाली, "अप्पा उद्या येनार हायत."
म्हटलं, किती खाली पडतो ते तरी मोजू. बाण आडवा धरून, वर्तुळांच्या मधल्या ठिपक्यावर सरळ रोखून. पाच पावलांवरून चार बोटं खाली. बोटं तिनं स्वतःची लावली. दहावरून किती पडेल?
"आठ."
सोडला. सोळा. पुन्हा सोडला. सोळाच.
पोत्यापुढं उकिडवी बसून राहिली. "दुप्पट न्हाई ही, गुर्जी."
"मग काय?"
पुन्हा बोटं लावून मोजायला लागली. माझ्या ओठावर आलं होतं, गिळलं.
संध्याकाळभर अंगणात येरझाऱ्या. सून म्हणाली, "मामा, टेका की जरा." टेकलो, उठलो. सांगून टाकायला हवं होतं का?

शनिवार, ४ ऑक्टो.
सगळं लिहून काढतो, नाहीतर झोप यायची नाही.
अप्पा आले, धुतलेला सदरा घालून. बाईंनी खुर्ची दिली, बसले नाहीत. कोमलनं पाच पावलांवरून मारला, चार बोटं वर रोखून. ठिपक्यात. दहावरून, सोळा बोटं वर. ठिपक्यात.
अप्पांच्या तोंडावरची रेष हलेना. "ही सवय झाली. सवय माकडालाबी लागती. मी सांगतो तिथून मार." आणि तिच्याच पावलांनी तिला मागं चालवलं. पंधरा. तिथून तिनं कधी मारलाच नव्हता.
थांबली. अंगठ्यानं माती उकरत होती. "पाचाच्या तिप्पट..." मग हळूच, "तीन त्रिक नऊ. नऊ चोक छत्तीस."
नऊ! सहा म्हणाली नाही! पाढा म्हणतानाचा तो हेल थेट आमच्या मास्तरांच्या टेबलावरचा ताल वाटला मला.
"बारा बोटांची एक वीत, छत्तीस बोटं म्हंजी तीन विती. अप्पा, तुमी मोजा, मी हितून बघती."
पोत्यामागं शाळेची भिंत. ठिपक्यापासून वर अप्पांनी पंजा ताणला. कोयत्यानं घट्टे पडलेला पंजा. एक, दोन, तीन. भिंतीवर खडूची खूण केली, बाजूला झाले.
बाण सुटला. ठिपक्याच्या वर, पोत्याच्या काठाला रुतला.
संपलं, वाटलं मला. कोमलनं मान खाली घातली.
अप्पा आपल्या पंजाकडे बघत होते. "आगं येडे, बोटं तुजी आन वीत माजी! कसं जमंल? माजी मोठी न्हाई का? तुज्या वितीनं घे."
धावत आली. तिच्या तीन विती. खूण बरीच खाली आली. परत जाऊन मारला.
ठिपक्यात.
अप्पा हसले. मग भिंतीपाशी उभे राहिले, दोन्ही खुणांमधलं अंतर बोटांनी मोजत. निघताना मला म्हणाले, "पास व्हईल का ओ?"
"होईल."
"बघू. तिच्या आईला इच्यारतो."
बघू म्हणजे काय?

बुधवार, ८ ऑक्टो.
कोमल सोमवारपासून शाळेत नाही. मुली म्हणतात घरी बांधाबांध चाललीय. बांधाबांध तर ती राहिली तरी असणारच. घरी जावं म्हणून निघालो, मारुतीच्या पारापासून परतलो. पुन्हा तेच काय सांगू? कविता वाचायला घेतली, एकाच कडव्यावर तासभर.

शनिवार, ११ ऑक्टो.
पहाटे गाडीचा भोंगा वाजला. बायामाणसांचा गलका. अंथरुणात बसून राहिलो, बाहेर गेलो नाही. काय बघायचं, कुणाचं डोकं दिसतंय ते?
लवकर शाळेत आलो. शिपायानं खोली उघडून ठेवलेली. इथंच बसून लिहितोय. धनुष्यं कोपऱ्यात, दोऱ्या उतरवून खिळ्याला. एक कमी वाटलं. कोमलचं. खिळ्याला तिची दोरीही नाही.
घेऊन गेली उसाच्या फडावर? का मैदानावर...
मैदान मागच्या खिडकीतून दिसतं. चष्मा पुसून घेतो आधी. पुसून झाला. अजून पुसतोय.