दोन्हीकडचं रक्त

अहमदनगर,
१९ फेब्रुवारी १९७२

प्रिय आक्का,

विजूचा नमस्कार. मी बरी आहे. तू कशी आहेस ते विचारायला धजत नाही.

सध्या बी.एस्सी.च्या मुलांना पेशी शिकवतेय. जिवाणूला दुधातली साखर दिली की त्याच्यातलं झोपलेलं जनुक जागं होतं, साखर संपली की पुन्हा निजतं. सुट्टीत पुण्याला विद्यापीठात जाते, तिथलं माझं संशोधनही हेच. बीजातले हे हुकूम कोण चालू करतं, कोण बंद करतं, एवढंच शोधायचं. मुलं कान देऊन ऐकतात, पण शिकवता शिकवता मीच अडखळते. तुझा लहानगा गहिनी डोळ्यांपुढे येतो.

सोनईहून तुझं आणि त्याचं रक्त नेलं, त्यात मी माझंही घातलं होतं. थर्मासात बर्फ भरून एसटीने पुण्याला पोचवलं. आता कळलंय काय ते. पोटात असताना बाळाचं रक्त एका जनुकाच्या हुकमाने बनतं. जन्मल्यावर ते निजतं आणि दुसरं जागं होतं. गहिनीचं हे दुसरंच बिघडलेलं आहे. म्हणून तो पांढरा पडतो, पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगते. पहिलं पुन्हा जागं करता आलं तर पोर वाचेल. पण ते कसं करायचं हे अजून जगात कुणाला ठाऊक नाही. मलाही नाही, आक्का. बाहेरून रक्त देत राहायचं, एवढंच हाती आहे. तो मोठा होईल, असं मला लिहवत नाही.

आत्या मला तोंडावर म्हणाली, "तुज्या भैनीची कूसच नासकी." तुझी सासू झाली म्हणून काहीही बोलेल का? तिला हे वाचून दाखव. एक जनुक बिघडलेलं असलं तर माणूस धडधाकट राहतो. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी दोन आली तरच हा आजार होतो. म्हणजे एक तुझं, एक दाजींचं. आपले आबा आणि आत्या सख्खी भावंडं, आणि तू आत्याच्याच मुलाला दिलेली. त्यांच्या घरातलंच ते तुम्हा दोघांत उतरलं असणार. तुझी कूस नासकी नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर टाळत इथवर आले. दाजी दुसरं लग्न करणारच, तर "परकी सवत येन्यापरीस तूच ये", असं तू लिहिलंस. आबाही त्यासाठीच माझ्या खोलीवर येऊन चहा पिऊन गेले.

आक्का, ते जनुक माझ्यातही सापडलं. मी आले तरी माझ्या पोरांना हेच भोग यायची भीती. कळलं तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. मग माझीच मला शरम वाटली, कारण ते सापडलं नसतं तरी मी आले नसते. तुझी सवत होऊन तुझ्या चुलीपाशी मला बसता येणार नाही.

रागावलीस तरी चार ओळी लिही.

तुझी,
विजू


सोनई,
४ मार्च १९७२

विजूस आक्काचा आशीर्वाद.

तुजं पत्र समद्यांम्होरं वाचलं. आत्याबाई म्हनल्या, "म्हंजी माज्याबी रगतात?" म्या म्हनलं, "व्हय." त्या उठून गोठ्याकडं गेल्या, जेवल्या न्हाईत. मला वाटलं, सुटले.

पन ह्यांनी पत्र माज्या हातातनं घेतलं, फिरून वाचलं. मंग म्हनले, "म्हंजी नात्याभायेरची केली तर पोरं धड व्हतील, आसंच न्हवं?"

तू ते लिवलं न्हवतंस. तुला ठावं आसनारच. त्यास्नी बी उमगलं. काल दोगं मायलेक राहात्याला जाऊन पोरगी बघून आले. वैशाखात लगीन हाय.

तुज्यावर राग न्हाई. तू आली न्हाईस ते बरं केलंस. न्हाईतर दोगी बी हितंच मेलो आसतो.

गहिनी आज उठून बसला, गुळाचा खडा मागितला. ह्या घरात आता त्याला जानारा म्हून बघत्यात. वाढताना बी हात आखडत्यात. ते मला सोसंना. बुदवारच्या एसटीनं त्याला घिऊन तुज्याकडं येतीया, परत फिरायला न्हाई. तितं मोठा दवाखाना हाय, रगत मिळंल. तुजी खोली बारकी हाय, चालंल. आबास्नी सांगू नगंस, मी सांगीन. गहिनी हाय तवर हाय, पन तवर तरी त्यानं पोटभर खावं.

आज नावाम्होरं सौ. लिवत न्हाई.

पुष्पावती