लांबीचा आकडा रुंदीला

प्रिय फूटपट्टी,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते ऐकतेस की "हो हो" म्हणून चढतेसच? आम्ही इथे बरे आहोत. यांना हल्ली थोडं कमी ऐकू येतं, पण माझं बोलणं वाढल्यामुळे हिशेब बरोबर राहतो. तू आता सरकारी तपासणी-अभियंता, आम्हा डिझाइन करणाऱ्यांचा कर्दनकाळ, तेव्हा खरं तर "माननीय महोदया" लिहायला हवं होतं. पण जिची वेणी मी शाळेत नऊ वर्षं बाकाला बांधली, तिला महोदया लिहिताना पेन अडतं. (वर्गात धड फूटपट्टी फक्त तुझ्याकडे असायची आणि ती तू कुणाला दिली नाहीस, हे मी अजून विसरलेले नाही.)

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मला रडू येईल, आणि मी रडायला लागले की तुला हसू येतं, हे आपलं चौथीपासूनचं आहे. म्हणून लिहिते. मुलींच्या वसतिगृहाची ती सात मजली इमारत, तिची फाईल सोमवारी तुझ्या टेबलावर आली असेल. तिचं भूकंपाचं गणित माझं. तुला हे शिकवायला नको, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. सॉफ्टवेअर इमारत हलवून बघतं आणि पायथ्याशी किती धक्का बसेल ते सांगतं. नियमांचं पुस्तक तोच धक्का साध्या गुणाकाराने सांगतं. सॉफ्टवेअरचा आकडा कमी आला, तर त्याला एका गुणकाने गुणून पुस्तकाच्या आकड्यापर्यंत वर आणायचं. लांबीच्या दिशेला वेगळा गुणक, रुंदीच्या दिशेला वेगळा. माझे आले लांबीला १.३ आणि रुंदीला १.९. तक्ता इतका देखणा जमला होता की मी तो दोनदा छापून घेतला.

गणिताच्या सिस्टर आठवतात? पांढऱ्या झग्याच्या बाहीला कायम खडूची भुकटी. आकड्याशेजारी तो कशाचा आहे ते लिहिलं नाही, तर त्या वही परत करत आणि म्हणत, "हा आकडा अनाथ आहे, याला घरी पोचव." मी गुणकांशेजारी काय लिहिलं होतं? नुसतं एक्स आणि वाय. मग आर्किटेक्टने, कागदावर नीट बसावा म्हणून, आडवा नकाशा उभा केला. मी नवा नकाशा सॉफ्टवेअरमध्ये घेतला, खांब आणि तुळया पुन्हा बसवल्या, आणि गुणक होते तिथेच राहिले. इमारत वळली, एक्स काही वळला नाही. लांबीचा आकडा रुंदीला गेला, रुंदीचा लांबीला. म्हणजे इमारत जिथे अरुंद, जिथे तिला खरी काळजी, तिथेच मी धक्का जवळजवळ एक तृतीयांशाने कमी धरला. आणि अहवालात तक्ता लावला तो जुनाच, देखणा.

हे सापडलं कुणाला, तर यांना. यांना इमारतीतलं लिफ्टचं बटण सोडून काही कळत नाही. मी कौतुकाने दोन्ही नकाशे दाखवत होते, तर म्हणाले, "दार खालच्या बाजूला होतं, ते डावीकडे कसं गेलं?" मी म्हटलं, "अहो, नुसता कागद फिरवलाय." "असं होय. मग तुझे आकडेही फिरवले असशील," म्हणाले, आणि टोस्टला लोणी लावत बसले. मी तिथेच अहवालाचं पान १५२ उघडून बघितलं. नव्हते फिरवले. खालच्या खांबांचं काँक्रीट शुक्रवारी आहे. (तुझी मंजुरी यायच्या आधीच, हो. आठ्या घालू नकोस, सगळेच करतात.) प्रत्येक मजल्यावर चाळीस मुली झोपणार आहेत गं.

साहेबांना सांगायला मी तीनदा केबिनमध्ये गेले. साहेब म्हणजे माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचे, पण मनाने चांगले, आणि तीच पंचाईत आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा ते फोनवर कुणाला सांगत होते, "भूकंपाचं मॅडमनी केलंय, डोळे मिटून घ्या." एसी फार गार आहे एवढं बोलून मी परतले. दुसऱ्यांदा ते "बोला मॅडम" म्हणाले आणि माझ्या तोंडून "स्टेपलर" निघालं. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच सांगितलं, नव्या लोकांना गुणक कसे लावायचे ते एकदा शिकवा. मी हो म्हणून आले! निवृत्तीला आठ महिने उरलेत. एकतीस वर्षांत माझी एक फाईल चुकीसाठी परत आलेली नाही, हे मी घरी, दारी, दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा सांगितलेलं आहे.

असो. नातीला गोड पापा. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
टिपकागद

ता. क. : एवढंच कर. पान १४६ वरचा उभा नकाशा आणि पान १५२ वरचे गुणक शेजारी ठेवून बघ आणि कडक शेरा मारून फाईल परत पाठव. माझी गय करू नकोस.

ता. क. दुसरा : पत्र यांना वाचून दाखवलं. "टपालाला चार दिवस लागतात," म्हणाले. "आणि काँक्रीट परवा." तशीच उठून ऑफिसात गेले आणि साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी बसल्या जागेवरून दोन मिनिटांत काँक्रीट थांबवलं. गुणक बदलून गणित पुन्हा केलं, अकरा खांब जाड होणार आहेत, आर्किटेक्ट फोनवर ओरडतोय, मला ते गाण्यासारखं वाटतंय. फक्त एक झालं. "चूक पकडली कुणी?" असं साहेबांनी विचारलं, टोस्टला लोणी लावता लावता यांनी, असं सांगवेना, आणि मी तुझं नाव सांगितलं. तू फोन करून सांगितलंस, असं मीच ठोकून दिलं. त्यांनी विचारलं तर हो म्हण.

ता. क. तिसरा : पत्र टपालात टाकलं नाही. साहेब तुझे आभार मानायला आज अकराला स्वतः येताहेत. मी पहाटेची गाडी पकडून आलेय, तुझ्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेय आणि हे शिपायाबरोबर आत पाठवतेय. वरचं "हो म्हण" खोडून टाक. तू हो म्हणालीस तर त्या नव्या लोकांपुढे उभं राहून मी कोणत्या तोंडाने शिकवू? साहेबांना मीच खरं सांगते, तुझ्यासमोर. तू फक्त मला त्यांच्या आधी आत बोलाव. लवकर. साहेब जिन्यात दिसले. गुच्छ केवढा मोठा आणलाय गं!