वरचं बटण

४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू शिवलेले गणवेशाचे शर्ट मिळाले. शिलाई नेहमीसारखी सुरेख, पण अगं, गळ्याचं वरचं बटण लागतच नाही! आमचा डेपोतला साहेब उघडं बटण दिसलं की चारचौघांत बोलतो. चष्म्याचा नंबर तपासून घे बाई, वय झालं तुझं. माझा घसाही बसलाय. काल थांब्याचं नाव ओरडले तर मागच्या सीटपर्यंत ऐकूच गेलं नाही, दोन म्हाताऱ्या पुढे उतरल्या आणि मला शिव्या देत गेल्या. लहानपणी मला भोंगा म्हणायचीस ना, आता ऐक भोंग्याचे हाल. शर्ट परत पाठवतेय.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. भोंग्यास, अनेक आशीर्वाद.

मापाची वही काढली. ऑक्टोबरात तू आलीस तेव्हा गळा साडेतेरा इंच लिहिलाय आणि कापलाही तेवढाच. पण माझीच टेप सरकली असणार, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. कॉलर इंचभर सैल करून पाठवतेय. मिठाच्या गुळण्या कर आणि चार दिवस गप्प बस. तुला ते जमायचं नाही म्हणा.

तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

साडेचौदाचंही बटण लागेना. लेकीने टेप लावली, साडेपंधरा भरला. घास अडकायला लागला, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थायरॉईडच्या गोळ्या तर पंधरा वर्षं घेताय, पण ही गाठ कधीपासून? ऑक्टोबरातलं माप लिहिलेलं तुझं पत्र पर्समध्ये होतं, तेच पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. पाच महिन्यांत दोन इंच, साधी गाठ इतकी धावत नाही, म्हणाल्या. सुईच्या तपासणीत नक्की कळलं नाही, मग गाठीचा तुकडा काढला. थायरॉईडचा लिम्फोमा निघाला. कॅन्सरच आहे ताई. हा सहसा कापून काढत नाहीत, केमो आणि मग रेडिएशन. औषध चांगलं लागू पडतं म्हणतात. पण मला फार भीती वाटतेय गं.

मला धरून राहा.

धाकटी

२० मार्च

चि. भोंग्यास, अनेक आशीर्वाद.

टेप माझ्या हातात होती आणि मी तुझ्या गळ्याऐवजी माझ्या हातावर संशय घेतला. कॉलर सैल करून तुझं दुखणं झाकलं मी. तुझा एक महिना खाल्ला. परवा जिन्यावरून पडले, हा मेला पाय प्लास्टरमध्ये नसता तर कधीच तुझ्याजवळ आले असते. मशीन चालवता येत नाही, म्हणून हातानेच एक शर्ट शिवायला घेतलाय. गळा साडेतेरा. तुला तो नीट बसलाच पाहिजे, ऐकतेस ना?

ताई

२ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

महिना तू नाही, मीच घालवला. चष्म्याची थट्टा करत बसले. ते आता सोड. दुसऱ्या केमोनंतर टेप लावली, चौदा! डोक्यावर केस उरले नाहीत, पण श्वास मोकळा झालाय. काल तुझ्या नावाने जोरात हाक मारून पाहिली, शेजारीण घाबरून धावत आली. शर्ट लवकर पाठव.

आहे तेवढा सगळा लोभ मला हवाय.

तुझा भोंगा

२९ मे

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. तिसऱ्या केमोनंतर आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार उतरल्या. ताप आला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. गाठ हाताला लागत नव्हती गं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं आणि त्याही रडल्या.

तुझा शर्ट ताप यायच्या आदल्या दिवशी आला. आईने टाके मोजले, ताईने डोळे फोडून घेतले म्हणाली. कामावर रुजू होईन त्या दिवशीच घालीन, म्हणून मला घडी घालून ठेवायला लावला.

शेवटी आम्ही तिला तोच घातला. वरचं बटण मी लावलं. सहज लागलं. तुझं माप चुकलं नव्हतं मावशी, तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही.

आईच्या वाटणीची माया आता माझ्यावर कर.

तुझी भाची