बाबांच्या ताऱ्याची संथ गिरकी

१२ फेब्रुवारी २०११

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वेधशाळेतली तुमची जुनी खुर्ची अजून डुगडुगते, पण मी ती सोडलेली नाही. आता वाईट बातमी. तरुणपणी ज्या उष्ण, अवाढव्य ताऱ्यावर तुम्हांला जोरदार चुंबकीय क्षेत्र सापडलं होतं, तो मी पुन्हा पुन्हा तपासला. क्षेत्राचा मागमूसही नाही! इथले प्रमुख म्हणतात, त्या वेळी तुमचं उपकरणच चुकलं असणार, तसं छापून टाक. माझा हात धजत नाही. आईला सांगू नका.

तुमची लाडकी,
बबडी

२ मार्च २०११

चि. बबडीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आईनेच फोडलं. प्रमुखांवर ती अजून धुमसते आहे. तू मात्र छाप. बापाची भीड धरलीस तर मी रागावेन. फक्त ‘उपकरण चुकलं’ असं लिहू नकोस, ते तू पाहिलेलं नाहीस. ‘आज क्षेत्र दिसत नाही’ एवढंच लिही.

असल्या ताऱ्यांवरून सतत तप्त कणांचा वारा सुटतो. चुंबकीय क्षेत्र तो दूरवर धरून ठेवतं आणि त्या ओढीने ताऱ्याची गिरकी मंदावते. हा फारच मंदावला असेल, तर त्याचे दोन्ही चुंबकीय ध्रुव सध्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूच्या कडेला असतील आणि एकमेकांचा परिणाम पुसत असतील. नसेलही तसं. दरवर्षी बघत जा. जेवणाची आबाळ नको.

तुझे बाबा

९ नोव्हेंबर २०१७

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सापडलं! कित्येक वर्षं शून्य, मग किंचित काही, आणि आता खात्री झाली. क्षेत्र आहे, तेही तुमच्या मापाच्या उलट दिशेचं. तुम्ही एक ध्रुव पाहिलात, आता दुसरा समोर येतोय. एका गिरकीला अर्धं शतक तरी लागत असणार. प्रमुखांनी सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं.

माझ्या लेखानंतर तुम्हांला परिषदांची बोलावणी यायची थांबली, हे मला आईकडून फार उशिरा कळलं. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. बाबा, इतकं मोठं मन कुठून आणता?

तुमचीच,
बबडी

२४ नोव्हेंबर २०१७

चि. बबडीस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी रडलो असं आई सांगेल, ते खरं आहे. पण बरोबर ठरलो म्हणून नव्हे. मला पाहताक्षणी दिसलं होतं, त्यात कसलं कौतुक? काहीच दिसत नसताना तू वर्षानुवर्षं बघत राहिलीस. पोरी, हे माझ्याच्याने झालं नसतं.

नव्या लेखात तुझं नाव आधी. आई म्हणते माझं आधी हवं. तिचं ऐकू नकोस.

सदैव तुझे,
बाबा