पुस्तकांच्या पाठीतली वही

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, धंदा पुस्तकबांधणी, शिक्षण शाळेत सातवीपर्यंत आणि पुढचं सगळं बांधायला आलेल्या पुस्तकांतून, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, स्वहस्ते लिहीत आहे. वकिलाच्या मसुद्यात पहिल्याच पानावर तीन चुका निघाल्या, म्हणून तो परत केला. डॉक्टरांनी माझ्या फुप्फुसांची मुदत सांगितली नाही, पण बोलताना ते खिडकीकडे पाहत होते. तेवढं मला वाचता येतं.

१. राहतं घर, दोन खोल्या, माझ्या पत्नीला. तिने ते विकावं, भाड्याने द्यावं, मर्जी तिची. तिच्या भावाचा सल्ला मात्र घेऊ नये. त्याने माझं एक पुस्तक नेलं आणि चहाच्या कपाचं वर्तुळ उमटवून परत आणलं. वर म्हणतो, "भावोजी, आतलं अक्षर न् अक्षर शाबूत आहे की!"

२. दुकानातलं दाबयंत्र, कटिंग मशीन व दाभणं, माझ्याकडे पुस्तकं शिवणाऱ्या बाईंना. सोळा वर्षांत त्यांचा एक टाका चुकला नाही. हे त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे नोंदवतो.

३. कपाटातली दोनशे अकरा पुस्तकं माझ्या एकुलत्या मुलीला, बबीला. आमच्या घरात पुस्तकाला हात धुऊन शिवायचं, पान दुमडायचं नाही आणि वाचून झालं की मी दहा प्रश्न विचारायचे, असा नियम होता. पत्नी म्हणायची, "अहो, जेवायला बसलीये ती, परीक्षेला नाही." मी म्हणायचो, "तुला नाही कळायचं त्यातलं."

४. पुस्तकाची पाठ बळकट व्हावी म्हणून आतून रद्दी कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. बबी अकरा वर्षांची असताना दुकानात एक भरलेली वही पडली होती. मी ती न वाचता कापली, खळ लावली आणि माझ्याच सत्तावीस पुस्तकांत वापरून टाकली.

"बाबा, माझी वही?"

"ती? भरलेली होती ना?"

"गोष्ट होती त्यात माझी."

"मग परत लिही. दुसऱ्यांदा लिहिलं की सुधारतं."

तिने परत लिहिलं नाही. माझं कपाटही पुन्हा उघडलं नाही. आता ती सव्वीस वर्षांची आहे, परगावी असते, फोन आईला करते. "बाबांना देऊ का?" असं पत्नीने विचारलं की तिकडून "राहू दे" येतं. ते मला खुर्चीवरून ऐकू येतं.

५. गेल्या महिन्यात त्या सत्तावीसांतल्या एका पुस्तकाची पाठ उसवली. आतल्या पट्टीवर बबीचं अक्षर होतं: 'अस्वलाला वाचता येत होतं, पण ते कोणाला'. पुढे माझी कात्री. कोणाला काय, ते कळेना, म्हणून आणखी आठ पुस्तकं उसवली. एकूण चौदा पट्ट्या हाती आल्या. एका पट्टीवर अस्वल चष्मा शोधतं, एकीवर ते आधी हात धुतं. अस्वल कोण, हे मला दहा प्रश्न न विचारता समजलं.

एका पट्टीवर चूक सुधारायला सवयीने माझी पेन्सिल चालली. खोडलं, पण खूण राहिली आहे. त्याबद्दल मी दिलगीर आहे.

६. उरलेली अठरा पुस्तकं मी उसवलेली नाहीत. वही न विचारता कापली, निदान न विचारता वाचू तरी नये. त्या पाठी बबीने फोडाव्यात किंवा तशाच ठेवाव्यात. पुस्तकं फाटली तरी चालतील. तिला त्याबद्दल कोणीही काहीही विचारू नये.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात, हे मला माहीत आहे. तरीही याची एक प्रत, चौदा पट्ट्यांसह, आजच बबीला टपालाने जात आहे. पाकिटावरचा पत्ता पत्नीने लिहिला. माझं अक्षर दिसलं तर पाकीट उघडलं जाणार नाही.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
सही: (बाइंडर)

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले (सही)

ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये, म्हणून शिवणाऱ्या बाईंची सही घेतलेली नाही.

टीप: दुसऱ्या साक्षीदारांनी सही करण्यापूर्वी सगळं वाचलं आणि विचारलं, "मग पुढे काय होतं हो अस्वलाचं?" मला माहीत नाही, असं मी उत्तर दिलं.