अकरावं मशीन

मंगळवार, ४ मार्च
सकाळ

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तूही बरी असशील. झालं, रीत पाळून झाली. आता कामाचं.

हे पत्र पिल्लं पोचवणाऱ्या आपल्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. फोन केला की तू "हं" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हा खटाटोप. उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही, अशी त्याला तंबी दिली आहे. तेव्हा त्याला चहा दे आणि लिहायला बस.

तुमचं नवरा-बायकोचं काय व्हायचं ते होवो, मी त्यात नाक खुपसत नाही. पण हॅचरीचा प्रोग्राम तू लिहिलास, आणि तो आता आमच्या तोंडचं पाणी पळवतोय.

अंडी उबवायला अकरावं मशीन घेतलं. जुनं आहे, पण ऐसपैस. आमच्या चिरंजीवांनी तुझ्या प्रोग्रामात दहाच्या जागी अकरा लिहिलं आणि छाती पुढे काढून हिंडले. पडद्यावर दहा मशीनचं तापमान झळकलं. अकरावं येईल मागाहून, म्हणाले. मी सात नंबरचं दार उघडं टाकून पाहिलं, तरी सातचा आकडा ढिम्म हलेना! पडद्याच्या खालच्या कडेवर चिरंजीवांनीच "हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली होती. ती ओरबाडून काढली, तर तिच्यामागे इंग्रजीत बोंब: Subscript out of range in 120. प्रोग्राम केव्हाच मान टाकून पडला होता आणि आम्ही त्याचं तोंड बघून खूश!

पुन्हा दहा लिहिलं की दहा मशीनं नीट चालतात. अकराव्यावर मात्र कुणाचाच पहारा नाही. तापलं तरी घंटा वाजायची नाही. त्याचा स्वतःचा काटा एक सांगतो, आपला काचेचा थर्मामीटर दुसरंच. आत अंडी पुरी भरलेली आहेत आणि त्यांचे उबायचे निम्मे दिवस झाले आहेत. आता बाहेर काढता येत नाहीत. एक-दोन डिग्री जास्त चढली तर सगळी जातील.

चिरंजीव सारखे अकरातलं एकेक अंडं घेऊन माझ्याकडे पळत येतात. मी सांगते, ठीक आहे. ते परत नेऊन ठेवतात. असं किती वेळ चालणार? काय करायचं ते सरळ शब्दांत लिही, फार शहाणपणा नको.

तुझी सासू, अजून तरी

•

मंगळवार, ४ मार्च
दुपार

ती. आईंना,
सा. नमस्कार.

ड्रायव्हरकाकांचा दुसरा चहा चालू आहे आणि डोळा घड्याळावर, म्हणून भराभरा लिहिते.

चूक माझी आहे, ह्यांची नाही. प्रोग्रामात T नावाची खणांची एक रांग आहे. एकेका मशीनचं तापमान एकेका खणात. एकट्यादुकट्या आकड्याला बेसिक ह्या प्रोग्रामच्या भाषेत नुसतं नाव दिलं तरी भागतं. रांगेचं तसं नाही. तिला किती खण लागणार ते आधी जाहीर करायचं असतं. नाही केलं, तर बेसिक कुरकुर न करता दहापर्यंतचे खण देऊन मोकळं होतं. आपली मशीनं दहाच होती. चाललं, म्हणून मीही ती ओळ लिहायचा कंटाळा केला. अकरावं आलं, त्याला खणच नाही, म्हणून प्रोग्राम अडला.

प्रोग्राम थांबवा. ही ओळ टाइप करून एंटर दाबा:

5 DIM T(20)

मग दहाचं पुन्हा अकरा करा, SAVE करा, RUN म्हणा. रांग वापरायच्या आधी ही ओळ यायला हवी, म्हणून तिला पाच नंबर दिलाय. खण वीस मागितलेत. उद्या तुम्ही बारावं मशीन आणाल, मी ओळखते तुम्हाला.

एक लक्षात ठेवा. सुरू झाल्यावर क्षणभर पडद्यावर सगळीकडे शून्य दिसेल. घाबरू नका. नव्यानं धरलेल्या जागेत आधी शून्यच असतं. मशीनचा आकडा आला की तो तिथे भरतो.

आता माझा प्रश्न. मी तिथे होते तेव्हा तुम्ही अंडं उजव्या पापणीला लावायचात आणि पडदा न बघता सांगायचात, "पाव डिग्री चढलंय, झडप उघड." माझे यंत्राचे आकडे तुमच्या पापणीवरून तपासलेत मी! तुम्ही नुसतं "ठीक आहे" म्हणाल्याचं मला एकदाही आठवत नाही. पत्रात पापणीचं एक अक्षर नाही. आई, काय झालंय?

सून, हो, अजून

•

बुधवार, ५ मार्च

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. तुझी नजर फार वाईट आहे. आधीपासूनच.

ओळ मी स्वतः टाइप केली. चिरंजीव मागे उभे होते, कामगारही गोळा झाले होते. RUN म्हटलं आणि पडदाभर शून्यं! तू सांगून ठेवलं होतंस, तरी मी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. मग एक भरलं, दोन भरलं, करत करत दहा. अकराव्यात आकडा पडला आणि घंटा अशी कोकलली की एकाच्या हातातला ट्रे पडला. अकरावं भलतंच तापलं होतं. आम्ही झडपा उघडल्या, पंखे लावले, आणि आकडा खाली यायची वाट बघत उभे राहिलो.

आकडा उतरल्यावर चिरंजीव माझ्याकडे वळले. "आई, आत्ताच तर तू ठीक म्हणालीस."

तेव्हा सांगितलं. सगळ्यांच्या देखत.

तू गेलीस त्यानंतर थंडीत माझ्या कपाळावर नागीण उठली होती. बरी झाली, पण उजवी पापणी बधिर करून गेली. अंडं लावलं काय नि दगड लावला काय, काही कळत नाही. डावीला गरम-गार एवढंच समजतं. तुझा प्रोग्राम चालू होता तोवर मी पडद्याकडे चोरून बघायची आणि पापणीचं नाटक करायची. अकराव्याला पडदाच नव्हता. अंडं हातात यायचं, सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी ठीक म्हणायची. कबूल केलं असतं तर चिरंजीवांनी मला घरी बसवलं असतं. मशीनच्या खोलीशिवाय मी करू काय गं? ह्या भीतीपायी मी इतक्या जिवांशी खेळले. मला माझीच लाज वाटते.

चिरंजीव रागावले नाहीत. खुर्ची ओढून म्हणाले, "बस आधी." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

अंडी उजेडावर धरून पाहिली. वरच्या ट्रेमधली बरीच गेली. बाकीच्यांत जीव हलतोय. तुझी ओळ आजच्याऐवजी उद्या आली असती तर काहीच हाती लागलं नसतं.

आता जे मला लिहायचं नव्हतं ते. मशीनच्या खोलीत, पडद्यासमोर माझी खुर्ची आहे. ती मी आज सोडली. चिरंजीवांना सांगितलं, ही तुझी नाही. ते म्हणाले, "मला माहीत आहे कुणाची." हे कामगारांच्या समोर झालं, म्हणजे आता मलाही शब्द फिरवता येणार नाही. तुमचं दोघांचं जमो न जमो, घरात राहा नाहीतर गावात खोली घे, पगार तुझा तू सांग. हॅचरीला तू हवी आहेस. आणि खरं सांगायचं तर हॅचरीहून जास्त मला.

जागा जाहीर केली आहे. तिच्यात सध्या शून्य आहे. घाबरू नका, असं तू लिहिलंस. पण मी घाबरलेय गं. ये.

तुझी,
आई